एक नंबर, थांबले

बायको डोक्यावर बसली आहे असं ज्यांच्याबद्दल लोक हळूच बोलतात, असे नवरे शोधायला फार लांब जावं लागत नाही. सिग्नलमनच्या बाबतीत मात्र हळू बोलायची गरजच नव्हती. त्याची बायको रोज सकाळी खरोखर त्याच्या डोक्यावर जाऊन बसायची. बांधकामाच्या मधोमध एक उंच टॉवर क्रेन उभी होती, तिच्या शेंड्याला काचेची केबिन होती, त्यात ती. आणि बरोब्बर तिच्याखाली, हातात वॉकी घेऊन आणि मान वर करून, तो. तो "वर घे", "डावीकडे", "थांब" म्हणायचा आणि ती लोखंड, फळ्या, सिमेंटच्या बादल्या असं काय काय उचलून जिथल्या तिथे नेऊन ठेवायची.

डोक्यावर बसल्याचा हा विनोद पहिल्यांदा मुकादमाने केला. मग सुतारांनी केला, मग विटांच्या ट्रकवाल्याने, मग गेटवरच्या पहारेकऱ्याने. प्रत्येकाला वाटायचं, हे आपल्यालाच सुचलं. सिग्नलमन प्रत्येक वेळी हसायचा. हसण्यावारी नेलं की गोष्ट आपोआप मिटते, असा त्याचा समज होता. तो समज चुकीचा होता, पण गरीब स्वभावाच्या माणसाजवळ दुसरा उपाय तरी कुठला असतो?

आतलं खरं असं, की त्याला बायकोचं भारी कौतुक होतं. इतकं, की ते कुठे ठेवावं कळायचं नाही. तो स्वतः एकदा त्या शिडीवर चढला होता. पहिल्या टप्प्यापर्यंत गेला, खाली पाहिलं आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला. मुकादमाने त्याला धरून एकेक पायरी खाली आणलं होतं. त्याच शिडीवर त्याची बायको पाठीला डबा आणि पाण्याची बाटली बांधून, वेणी हेल्मेटात कोंबून अशी चढायची, की जणू माळ्यावरचं पातेलं काढायला निघाली आहे. ती केबिनमध्ये शिरून दार लावेपर्यंत त्याचा श्वास अर्धाच चालायचा. मग छाती अशी काही फुगायची की जॅकेटची चेन ताणली जायची.

ती आधी याच कंपनीत, सामान वर नेणाऱ्या लिफ्टवर होती. दिवसभर एका पेटीत उभं राहायचं, बटण दाबायचं, जाळीचं दार उघडायचं आणि लावायचं. कंपनीने क्रेनचं शिक्षण सुरू केलं तेव्हा तिने कुणाला न विचारता नाव दिलं. वर्गात सगळे पुरुष आणि ही एकटी. पास झाली, आणि जुना ऑपरेटर नोकरी सोडून गेल्यावर जागा मागायला सरळ इंजिनीअरसमोर जाऊन उभी राहिली. इंजिनीअरने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तीन महिने बघू."

इंजिनीअर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. तरुण होता, कुणावर ओरडायचा नाही, आजारी कामगाराला स्वतःच्या गाडीने घरी सोडायचा. फक्त तिच्याबद्दल बोलताना त्याच्या तोंडात एक शब्द हमखास यायचा. "बाई असून छान चालवते," तो पाहुण्यांना सांगायचा. आता हा 'असून' मोठा चलाख शब्द आहे. दिसायला शाबासकी, आणि खालून हळूच पाय ओढतो. दोन नंबरच्या क्रेनवर एक ऑपरेटर होता, त्याला सगळे गरुड म्हणायचे. त्याच्याबद्दल 'पुरुष असून छान चालवतो' असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. पाहुणे तरी काय, मान वर करून बघायचे आणि सिग्नलमनला विचारायचे, "मग घरचं कोण बघतं?" गरुडाच्या घरचं कोण बघतं याची काळजी कुणालाच नव्हती.

आणखी एक गंमत होती. इंजिनीअर तिच्याशी थेट बोलायचाच नाही. वॉकी त्याच्याकडेही होता. गरुडाला तो बसल्या जागेवरून "दोन नंबर" म्हणून हाक मारायचा. पण एक नंबरच्या क्रेनला काही सांगायचं असलं, की अख्खी साइट ओलांडून, चिखल तुडवत सिग्नलमनपाशी यायचा आणि म्हणायचा, "तिला सांग." त्याचे बूट चिखलात खराब व्हायचे, पण त्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही. सिग्नलमनलाही वाटायचं नाही, हे कबूल करायला हवं.

वॉकीवर बोलायचा एक नियम होता. वरून जो शब्द येईल तोच खालून परत म्हणायचा, त्यात कानामात्रेचाही बदल करायचा नाही. म्हणजे वरच्याला कळतं की खालच्याने नीट ऐकलं, आणि आजूबाजूच्यांनाही कळतं की काय चाललं आहे. ऑपरेटर म्हणाला "थांबलो", की सिग्नलमननेही म्हणायचं "थांबलो". आजवरचे सगळे ऑपरेटर पुरुष, त्यामुळे या नियमात काही गोम आहे हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने पहिली बादली वरच्या मजल्यावर नेऊन अलगद टेकवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "एक नंबर. थांबले."

सिग्नलमन नियमाचा पक्का. त्यानेही तितक्याच स्वच्छ आवाजात म्हटलं, "थांबले."

साइटवरच्या सगळ्या वॉकींतून ते ऐकू गेलं. आणि वरच्या मजल्यापासून गेटपर्यंत नुसता हशा. मुकादम पोट धरून म्हणाला, "काय ताई, थांबलात होय? दमलात का?" त्या दिवसापासून सिग्नलमनचं नाव 'ताई' पडलं. डबा खाताना ताई, हजेरीच्या रांगेत ताई. आता बघायला गेलं तर त्या शब्दात रागावण्यासारखं काय आहे? त्याला सख्खी ताई होती, तिनेच त्याला सायकल शिकवली होती. पण हे असलं शहाणपण सुचतं घरी गेल्यावर. तिथे, त्या हशात, त्याचे कान तापले ते तापलेच.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती भांडी विसळत होती आणि तो पुसून ठेवत होता.

"एक सांगू?" तो म्हणाला. "वॉकीवर तू 'थांबलो' म्हण ना."

"का?"

"आधीचे सगळे तसंच म्हणायचे. सवय आहे लोकांना."

"लोकांना सवय आहे, का तुम्हाला ताई म्हणतात म्हणून?"

तो पुसलेलीच ताटली परत पुसत राहिला. तिने जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि तिला त्याची दया आली असावी.

"एका कान्याचा तर प्रश्न," ती म्हणाली. "म्हणते की 'थांबलो'. मला क्रेन हलवायची आहे, व्याकरण नाही."

बाहेरच्या खोलीत त्याची आई नातीला मांडीवर घेऊन टीव्ही बघत बसली होती. तिने आवाज बारीक केला. "अरे, चिडवतात तुला, तर तू बदल ना काहीतरी! तिची जीभ कशाला वळवतोस?"

या आईचं मोठं नवल होतं. सुनेने क्रेनवर जायचं ठरवलं तेव्हा तिने आठवडाभर अबोला धरला होता. शेजारणींना काय सांगायचं, हीच तिची विवंचना. मग एके दिवशी तिला जिन्यात वाक्य सापडलं. "आमची सून वरच्या पोस्टवर आहे," ती म्हणाली, आणि शेजारणी गार झाल्या. खोटं तर त्यात काहीच नव्हतं. सांगून सांगून शेवटी ते आईलाच पटलं, आणि आता सुनेच्या बाजूने भांडायला तिच्याइतकं हिरिरीने दुसरं कुणी उतरत नसे.

तर दुसऱ्या दिवसापासून एक नंबरची क्रेन पुरुषासारखी बोलायला लागली. "उचलतो." "फिरवतो." "थांबलो." हशा थांबला, 'ताई' मागे पडलं. सिग्नलमनला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. बायको स्वतःच्या तोंडाने स्वतःला पुरुष करून घेते आहे, तेही आपले कान तापू नयेत म्हणून, हे त्याला टोचायचं. पण टोचणीचीसुद्धा माणसाला सवय होते.

ती चालवायची मात्र अशी, की काम सोडून बघत राहावं. काठोकाठ भरलेला पेला ट्रेमधून आणताना घरातला शहाणा माणूस जसा चालतो, तशी तिची क्रेन फिरायची. घाई नाही, हिसका नाही. लोखंडाच्या लांब सळ्यांची जुडी दोन खांबांच्या मधून न्यायची, तर खांबाजवळ उभे असलेले कामगार आधी बाजूला पळायचे. महिन्याभरात ते पळेनासे झाले, नुसते वळून बघायचे. सगळ्यात जास्त दात काढणारे सुतारच एक दिवस मुकादमाला म्हणाले, "आमच्या फळ्या एक नंबरवर लावा बरं का." मुकादमाने विचारलं, "का हो, दोन नंबर काय वाईट आहे?" "वाईट नाही," सुतार म्हणाले, "पण ही एक नंबर आहे." हे ऐकलं तेव्हा सिग्नलमन सिमेंटच्या पोत्यांमागे गेला आणि एकटाच हसून परत आला.

तीन महिने संपत आले. शेवटच्या आठवड्यात इमारतीच्या दर्शनी भिंतीची तयार पॅनेलं वर चढवायची होती. रुंद, सपाट, एखाद्या खोलीची भिंतच उचलून न्यावी तशी. इंजिनीअर चिखल तुडवत आला.

"तिला सांग," तो सिग्नलमनला म्हणाला, "शनिवारपर्यंत सगळी पॅनेलं वर गेली तर जागा तिची. नाहीतर सोमवारपासून दुसरा माणूस येतोय. ऑफिसातले ऐकत नाहीत माझं."

"आणि ती?"

"लिफ्टवर आहेच की जागा."

त्याने रात्रीच्या जेवणावर तिला सांगितलं. ती बराच वेळ घास चावत राहिली.

"त्या पेटीत मी परत उभी राहणार नाही," ती म्हणाली. "वर बसायला लागल्यावर मला कळलं हो, मला काय येतं ते. आता न कळल्यासारखं कसं करू?" मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "जातील सगळी. बघा तुम्ही."

आणि खरंच जात गेली. शनिवारी दुपारी एकच पॅनेल उरलं होतं.

वारा सकाळपासूनच होता, पण एकसारखा नव्हता. मधेच पडायचा, मधेच उसळायचा. केबिनमध्ये वाऱ्याचा आकडा दिसतो. तो कधी मर्यादेच्या आत राही, कधी बाहेर जाऊन परत येई. अशा वेळी उचलायचं की नाही हे ऑपरेटरने ठरवायचं असतं, दुसऱ्या कुणी नाही. हे साइटवर पहारेकऱ्यालासुद्धा माहीत होतं.

शेवटच्या पॅनेलला पट्टे बांधले. दोन कामगारांनी दोन बाजूंनी दोऱ्या धरल्या. मुकादम, सुतार, सगळे काम टाकून बघायला उभे राहिले, कारण हे पॅनेल वर गेलं की काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"वर घे," सिग्नलमन म्हणाला.

"घेतो," वरून उत्तर आलं.

पॅनेल जमिनीपासून हातभर उचललं गेलं आणि त्याने एकदम कूस बदलली. दोऱ्या धरलेले दोघेही फरफटत गेले. हातभर उंचीवर ही तऱ्हा, आणि जायचं होतं पार वरच्या मजल्यावर. पॅनेल हळूहळू खाली आलं आणि टेकलं.

"एक नंबर," वॉकीतून तिचा आवाज आला. "खाली ठेवलं. थांबले."

इतक्या महिन्यांनी तो शब्द परत. तिने तो मुद्दाम म्हटलेला नाही, हे सिग्नलमनला आवाजावरून कळलं. त्या क्षणी पुरुषाचं सोंग आणायला तिला सवड नव्हती, एवढंच. आता तोच शब्द त्याने परत म्हणायचा होता. बटणावर अंगठा ठेवून तो उभा राहिला. थांबायचं म्हणजे पॅनेल राहिलं, पॅनेल राहिलं म्हणजे जागा गेली, आणि तरी 'थांबले' हे तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. त्याच्या ओठांवर आलं, 'घाबरू नकोस.' घरी, दवाखान्यात, मुलीच्या जन्माच्या वेळी, किती वेळा म्हटलेलं, मायेचं. ते म्हणावं, तिला धीर द्यावा, तिचं भलं व्हावं, असं त्याला अगदी आतून वाटलं. वर बघितलं. काचेवर ऊन होतं, ती दिसत नव्हती.

त्याने बटण दाबलं. "थांबले," तो म्हणाला.

कुणीतरी मागे फिसकन हसलं. या वेळी त्याने वळूनही पाहिलं नाही.

इंजिनीअर आलाच. "काय झालं?"

"वारा आहे, साहेब."

"मर्यादेच्या आत आहे. एकच राहिलंय. घाबरली का ती?"

"थांबली."

"तेच ते." इंजिनीअर वैतागला, आणि त्याच्या वैतागात थोडी कळकळही होती. "अरे, तिच्याच जागेचा प्रश्न आहे. तुझी बायको आहे ना? सांग तिला. तुझं ऐकेल ती."

सिग्नलमनने वॉकी तोंडाशी नेला. "एक नंबर. साहेब विचारतायत, उचलायचं का?"

"नाही."

"नाही," त्याने इंजिनीअरला सांगितलं.

"तू तिचा नवरा आहेस की पोस्टमन?"

"इथे सिग्नलमन आहे, साहेब."

इंजिनीअरने मान हलवली आणि स्वतःचा वॉकी काढला. "दोन नंबर! हे पॅनेल तुझ्या टप्प्यात आहे. तू घेतोस का?"

जरा वेळ खरखर झाली. मग गरुडाचा जाड आवाज आला. "नाही साहेब. मी पण थांबलो. वारा वाईट आहे आज."

"बरं," इंजिनीअर म्हणाला आणि वॉकी खिशात ठेवला.

नुसतं 'बरं'. ना 'घाबरलास का', ना 'मर्यादेच्या आत आहे'. तोच वारा, तोच शब्द, पण पुरुषाच्या तोंडून आल्याबरोबर तो हवामान झाला. बाईच्या तोंडून आला तेव्हा तो तिचा स्वभाव होता. सिग्नलमनला आयुष्यात राग फार कमी वेळा आला होता आणि त्याला त्याचा सराव नव्हता, त्यामुळे तो आला तेव्हा अगदी नम्र आवाजात बाहेर पडला.

"साहेब, गरुडाच्या बायकोला फोन लावू का?"

"कशाला?"

"ती सांगेल त्याला. तिचं ऐकेल तो."

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग पहिल्यांदा मुकादमाला समजलं आणि तो खदखदून हसला. मग सुतार हसले, दोऱ्या धरलेले दोघे हसले, आणि मुकादमाच्या अंगठ्याखाली वॉकीचं बटण दाबलेलं होतं म्हणून हे सगळं वर ऐकू गेलेला गरुड म्हणाला, "लावा लावा! ती म्हणेल, आधी खाली उतर!" हशा तोच होता, माणसंही तीच होती. कान या वेळी इंजिनीअरचे तापले.

तो वाईट माणूस नव्हता, हे म्हणूनच आधी सांगितलं. त्याने हसणाऱ्यांकडे पाहिलं, टेकलेल्या पॅनेलकडे पाहिलं आणि खिशातून परत वॉकी काढला. बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. हाक काय मारायची, इथूनच अडलं होतं.

"एक नंबर," तो शेवटी म्हणाला.

तिलाही या आवाजाची सवय नव्हती. "बोला."

"वारा किती दाखवतोय?"

"आत्ता आत आहे. मघाशी बाहेर गेला होता. परत जाईल."

"मग कधी घ्यायचं?"

"सोमवारी सकाळी. वारा असला तर तेव्हाही थांबायचं." मग तिने विचारलं, "घेणार कोण, साहेब?"

हा प्रश्न सगळ्यांनी ऐकला. मुकादमाने हसू आवरलं. इंजिनीअरने वॉकी तोंडापासून लांब नेला, परत जवळ आणला.

"तुम्हीच घ्या," तो म्हणाला. "ऑफिसला काय सांगायचं ते मी सांगतो."

"घेते," ती म्हणाली.

सिग्नलमनने सवयीने बटणावर अंगठा ठेवला होता. पण हे बोलणं त्याच्याशी नव्हतंच, त्यामुळे त्याने तो काढून घेतला. दोन माणसं कामाचं बोलत होती आणि मधे त्याची गरज नव्हती, याचा त्याला झाला इतका आनंद क्वचितच कुणाला झाला असेल.

आता पदरचं घालून सांगायचं असतं, तर तेवढ्यात सोसाट्याचा वारा सोडला असता आणि सगळ्यांना तिचे पाय धरायला लावले असते. तसलं काही झालं नाही. तासाभरात वारा साफ पडला. मुकादम आकाशाकडे बघून म्हणाला, "घेतलं असतं तर गेलं असतं बहुतेक." गेलंही असतं. त्याने तिच्या थांबण्यातलं रतीभरही कमी होत नाही.

सुट्टी झाल्यावर तो शिडीपाशी जाऊन उभा राहिला. ती खाली उतरली, हेल्मेट काढलं, वेणी मोकळी केली. त्याने तिच्याकडे पाण्याची बाटली दिली. ती घटाघट प्यायली.

"माझ्या 'थांबले'नंतर तुम्ही मधे गप्प बसलात ना," ती म्हणाली, "तेव्हा माझा हात उचलायच्या दांड्यावरच होता. वाटत होतं, एकच तर आहे, नेऊन टाकू. तुम्ही नुसतं 'घाबरू नकोस' म्हणाला असतात, तर मी उचललं असतं ते."

दोऱ्या धरलेले ते दोघे त्याच्या डोळ्यांसमोर आले. ते आत्ता हात धुऊन, हसत, गेटमधून बाहेर पडत होते.

"तेच म्हणणार होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर दांडा धरून वाट बघत होते."